अठराच्या आतले हात

दिवाळी झाली की रोहा, पेण आणि सुधागड तालुक्यांतल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. कुणी पेण-पनवेलच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी भिवंडी-कल्याणच्या बाजूला, कुणी कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. मुलं बरोबरच जातात, कारण मागं त्यांना सांभाळायला कुणी उरत नाही. पावसाच्या तोंडावर कुटुंबं परततात तेव्हा शाळेचं वर्ष सरलेलं असतं. पटावर नाव असतं, पण मुलाने अर्धं वर्ष फळा पाहिलेला नसतो.

याच पट्ट्याच्या मधोमध नागोठणे आहे. अंबा नदीच्या काठचं हे जुनं बंदर आज पेट्रोकेमिकल कारखान्याचं गाव म्हणून ओळखलं जातं. शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो, त्याच्या कडेने धाबे, गॅरेज आणि पंक्चरची दुकानं आहेत. दक्षिणेला रोह्याजवळ धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत, उत्तरेला पेणचे गणेशमूर्तींचे कारखाने. अल्पवयीन मुलांच्या कामाचे जे जे प्रकार कायद्याने विचारात घेतले, ते जवळजवळ सगळे एवढ्याशा टापूत सापडतात. म्हणून या प्रश्नाचा आढावा इथूनच घेणं योग्य.

प्रश्न सरळ आहे. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाने काम करायचं का, कोणतं, किती तास, आणि ते कामाला लागण्याआधी त्याची विचारपूस कुणी करायची? पहिल्या तिन्हींची उत्तरं कायद्यात बरीच स्पष्ट आहेत. चौथ्याचं उत्तर फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतं, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

गिरणीच्या भोंग्यापासून

या देशात मुलांच्या कामाचे नियम झाले ते मुंबईच्या कापडगिरण्यांमुळे. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी गिरणीमालकांना एवढीही अट जाचक वाटत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याच्या सुट्टीसाठी जो लढा दिला, त्या काळातच 1891 चा सुधारित कायदा आला. किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे तास सातवर आले. 1922 मध्ये किमान वय बारा झालं. सातापासून बारापर्यंत पोचायला चार दशकं लागली.

गिरणीबाहेरच्या मुलांकडे लक्ष गेलं ते रॉयल कमिशन ऑन लेबरच्या 1931 च्या अहवालानंतर. त्यातून 1933 चा मुलांच्या श्रमाच्या तारणावर बंदी घालणारा कायदा झाला. आईबापाने आगाऊ पैसे घेऊन पंधरा वर्षांखालच्या मुलाचं काम गहाण टाकण्याचा करार या कायद्याने रद्दबातल ठरवला. हा कायदा ध्यानात ठेवला पाहिजे. नव्वद वर्षांपूर्वी सरकारने ओळखलेला उचलीचा फास वीटभट्टीवर आजही तसाच आहे. पुढे 1938 मध्ये बालकांच्या नोकरीचा पहिला स्वतंत्र कायदा आला, तो रेल्वे, बंदरं आणि विडीसारख्या निवडक उद्योगांपुरता.

राज्यघटनेच्या 24 व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोकादायक कामात ठेवण्यास मनाई केली. 1982 मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही सक्तीची मजुरी होय. आणि बांधकाम हे धोकादायक काम असल्याने, कायद्याच्या यादीत त्याचं नाव नसलं तरी तिथे चौदाखालचं मूल चालणार नाही.

चौदा आणि अठरा

आज लागू असलेला मुख्य कायदा 1986 चा. 2016 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याचं नावच बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम असं झालं. चौदा वर्षं पूर्ण न झालेलं ते बालक, चौदा ते अठरामधलं ते किशोर. बालकाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. अपवाद दोनच आहेत: शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत, आणि चित्रपट, मालिका, जाहिराती किंवा खेळ यांत कलाकार म्हणून काम. सर्कस या अपवादात बसत नाही. किशोराला धोकादायक कामं पूर्ण बंद आहेत, बाकीची नियमांच्या चौकटीत करता येतात.

बंदी मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी कैद एक ते तीन वर्षांची. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दंडाची रक्कम पुनर्वसन निधीत जाते, सरकार त्यात प्रत्येक मुलामागे पंधरा हजारांची भर घालतं आणि ती मुलाच्या नावे ठेवली जाते. 1996 मध्ये एम. सी. मेहता यांच्या शिवकाशीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाकडून वीस हजार घेण्याचा जो दंडक घातला, त्याचाच हा पुढचा टप्पा.

13 जून 2017 रोजी भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे किमान वयाबद्दलचा 138 वा आणि बालमजुरीच्या घोर प्रकारांबद्दलचा 182 वा असे दोन्ही करार स्वीकारले. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, पण बालकामगार कायदा आणि 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा त्यांत विरघळले नाहीत, स्वतंत्र राहिले. 2011 च्या जनगणनेत देशात पाच ते चौदा वयाची सुमारे एक कोटी मुलं काम करताना आढळली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या 2025 च्या अहवालानुसार जगात 13 कोटी 80 लाख मुलं बालमजुरीत आहेत, त्यांतली 5 कोटी 40 लाख धोकादायक कामांत.

घरची मदत कुठवर

पेण, हमरापूर, जोहे इथल्या घराघरांत गणपती घडतात. अशा घरातलं बारा वर्षांचं मूल शाळेतून आल्यावर माती मळतं, सोंडेला हात लावून पाहतं. कायदा त्याला अडवत नाही, आणि अडवूही नये. कसब असंच पुढे जातं. पण 2017 च्या नियमांनी या सवलतीला कुंपण घातलं आहे. शाळेच्या वेळात मदत नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ नाही, दिवसाला विश्रांती सोडून तीन तासांहून जास्त नाही, आणि धोकादायक प्रक्रियेत तर मुळीच नाही.

कायद्याच्या व्याख्येत कुटुंबात आईवडील आणि भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही येतात. इथे सावध राहिलं पाहिजे. मामाच्या कारखान्यात गणपतीच्या हंगामात रात्र रात्र राबणारा भाचा कागदावर घरचाच ठरू शकतो. तो खरोखर शाळेत जातो का, हे पाहिल्याशिवाय या सवलतीचा अर्थ लागत नाही. नियमांत त्यासाठी एक फार मोलाची तरतूद आहे: मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं, तर मुख्याध्यापकाने ते जिल्ह्याच्या संबंधित अधिकाऱ्याला कळवायचं. ही तरतूद कसोशीने पाळली, तर ती कुठल्याही छाप्याहून जास्त मुलं शोधून काढील.

परवानगी कुणाला लागते

रायगड जिल्ह्यातच, कर्जतला, चित्रपटांचा मोठा स्टुडिओ आहे. तिथे एखाद्या मुलाला भूमिका द्यायची, तर निर्मात्याला चित्रीकरण सुरू होण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलांची नावं, पालकांची संमती, सुरक्षिततेची आणि शिक्षणाची हमी लिहून द्यावी लागते, आणि ही परवानगी सहा महिनेच चालते. दिवसाला पाच तासांची मर्यादा, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काम नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकायचा.

ही व्यवस्था चांगली आहे. तिच्यात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत: आधी नोंद, मग तासांची मर्यादा, सोबत जबाबदार माणूस आणि मुलाच्या नावाचा पैसा. आपल्या बालकामगार कायद्यात कामाआधी मुलाची दखल घेणारी एवढी पूर्ण रचना दुसऱ्या कुठल्याही कामासाठी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात तिचं एक भावंड होतं. चौदा पूर्ण झालेल्या मुलाला कारखान्यात घ्यायचं तर सरकारमान्य डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला हवा, तो वर्षभरच चालणार, आणि कामावर असताना त्याची खूण म्हणून बिल्ला अंगावर हवा. पंधरा पूर्ण न झालेल्या मुलाला साडेचार तासच काम. ही व्यवस्था मोठ्या, नोंदलेल्या कारखान्यांपुरती होती, आणि लहान मुलं तिथून कधीच बाहेर पडून छोट्या, नोंद नसलेल्या जागी गेली.

नागोठण्यात रासायनिक कारखान्यातला धोका सांगायला पुस्तक लागत नाही. नोव्हेंबर 1990 मध्ये इथल्या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल संकुलात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. ज्वलनशील पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया यांपासून अठराखालच्या सर्वांना दूर ठेवणारी तरतूद अशा ठिकाणी सवलतीविना पाळली गेली पाहिजे, आणि ती कंत्राटदाराच्या कंत्राटदारालाही लागू आहे.

धाब्यावरचा सोळा वर्षांचा मुलगा

10 ऑक्टोबर 2006 पासून चौदाखालच्या मुलांना घरकामाला, धाब्यावर आणि हॉटेलात ठेवायला बंदी आली. त्यामुळे महामार्गावरची अगदी लहान पोरं पूर्वीपेक्षा कमी दिसतात. त्यांच्या जागी पंधरा-सोळाची आली आहेत. धाब्यावर त्यांना काम करता येतं, पण कसं, हे मालकाला माहीत नसतं आणि मुलालाही नसतं.

कायदा असं सांगतो: तीन तासांनंतर तासभराची विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्याचा वेळ धरून सगळं सहा तासांच्या आत. म्हणजे प्रत्यक्ष काम पाच तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. जादा तास नाहीत, एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. मालकाने तीस दिवसांच्या आत निरीक्षकाला कळवायचं आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, तास, कामाचं स्वरूप असलेली नोंदवही ठेवायची.

महामार्गावरच्या धाब्याचा खरा धंदा रात्री चालतो. सात वाजता सोळा वर्षांच्या मुलाला घरी पाठवणारा मालक शोधूनच काढावा लागेल. मुलगा धाब्यावरच राहतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, आणि गाडी आली की उठतो. त्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च पगारातून वळता होतो. या मुलाच्या बाबतीत कायद्यात उणं काही नाही. नोंदवही उघडून पाहणारं माणूस नाही, एवढंच उणं आहे.

भट्टीचा हिशोब

वीटभट्टीची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि रायगडात सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीची. पूर्वी खैरापासून कात पाडणं हा त्यांचा धंदा. जंगल हातचं गेलं, जमीन नावावर नव्हती, तेव्हा उरली ती मजुरी. श्रावण-भाद्रपदात घरातलं धान्य संपतं, कामही नसतं. नेमका तेव्हा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर ती फेडायला कुटुंब भट्टीवर उतरतं.

भट्टीवर मजुरी माणसावर ठरत नाही, हजार विटांवर ठरते. कामाचं माप म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे अंधारात माती कालवायची, साच्यात विटा पाडायच्या, सुकायला ठेवायच्या, पलटायच्या, रचायच्या. दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते, बाकीचा हिशोब हंगाम संपल्यावर. विटांचा आकडा वाढला तरच उचल फिटते, म्हणून लहान हातही कामाला लागतात. सात-आठ वर्षांचं पोर कच्च्या विटा पलटतं, कारण त्याचं वजन कमी, ते रांगांमधून विटा न तुडवता चालतं. दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल सांभाळते. मालक म्हणतो, मी मुलांना ठेवलंच नाही. बाप म्हणतो, ती माझ्याबरोबर आहेत. मजुरीच्या हिशोबात मुलाचं नाव कुठेच नसतं, त्याच्या श्रमाच्या विटा मात्र असतात.

इथे घरच्या मदतीची सवलत कुणाला सांगता येत नाही. 2017 मध्ये सुधारलेल्या परिशिष्टात वीटभट्टी ही खाणी आणि दगडखाणींच्या रांगेत, धोकादायक कामांत आहे. म्हणजे चौदाखालचं मूलच काय, सतरा वर्षांचा मुलगाही भट्टीवर कामाला असणं बेकायदा. शिवाय भट्टी कुटुंबाची नसते, मालकाची असते. उचल देऊन किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली किंवा दुसरीकडे जायची वाट अडवली, तर 1976 चा वेठबिगार कायदाही लागू होतो, कर्ज आपोआप बुडीत ठरतं, आणि मुक्त झालेल्या मुलाला 2016 च्या केंद्रीय योजनेनुसार दोन लाखांपर्यंत पुनर्वसन मदत मिळू शकते. मुलाला वेठीस धरून कमाई दाबून ठेवणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

हे सगळं कागदावर असताना 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं थोड्याशा पैशांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. श्रमजीवी संघटनेने तो प्रश्न लावून धरला. ठाणे-पालघर पट्ट्यात ही संघटना 1980 च्या दशकापासून वेठबिगारीविरुद्ध लढते आहे. तिच्या जोडीने विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, शाळा तिथेच नेली. रायगडात उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने कातकऱ्यांच्या जमिनीच्या आणि माणूस म्हणून जगण्याच्या हक्कांचं काम केलं. या कामांतून एकच धडा मिळतो. मुलाला भट्टीवरून नुसतं उचलून आणलं आणि उचल तशीच राहिली, तर पुढच्या हंगामात ते मूल पुन्हा तिथेच दिसतं.

वयाचा पुरावा

मुलाला वाचवणारा कायदा लागू करायचा, तर आधी त्याचं वय सिद्ध व्हावं लागतं. बाल न्याय कायद्यात त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी. भट्टीवर किंवा वाटेत जन्मलेल्या मुलाकडे दाखला नसण्याची भीती मोठी. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मदाखला हाच अनेक कामांचा मुख्य पुरावा झाला आहे. आज वाडीवर जन्मनोंद राहून गेली, तर पंधरा वर्षांनी त्या मुलाला कुणीही सहज एकोणीस वर्षांचा म्हणेल.

इतर देशांतली वाट

इंग्लंडमध्ये शाळकरी वयाच्या मुलाला कामाला ठेवायचं तर मालकाने स्थानिक कौन्सिलकडून परवाना घ्यायचा असतो. शाळेच्या दिवशी दोन तासांहून जास्त काम नाही, सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाही. अमेरिकेत 1938 च्या कायद्याखालच्या नियमांनी चौदा-पंधराच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तासांची मर्यादा घातली. अनेक राज्यांत त्याआधी कामाचा परवानाही लागतो, आणि तो बऱ्याचदा शाळेमार्फत मिळतो. 2023 मध्ये आर्कान्सा राज्याने सोळाखालच्या मुलांसाठी ही अट काढून टाकली, तेव्हा तिथे मोठा वाद झाला. परवान्याने शोषण थांबतं असं नाही. पण मूल कामावर आहे, हे शाळेला आणि स्थानिक कार्यालयाला आधी कळतं.

काय करता येईल

दोन वयोगटांना दोन वेगळे उपाय हवेत. चौदा ते अठराच्या मुलांनी धोका नसलेलं काम केलं, चार पैसे मिळवले, हात शिकले, यात गैर काही नाही. त्यांना नोंदीचं संरक्षण हवं. सेटवरच्या मुलाला जी व्यवस्था आहे, तिची साधी आवृत्ती धाबा, दुकान आणि गॅरेजसाठी करता येईल: मालकाने मुलाला ठेवण्याआधी ग्रामपंचायतीत आणि शाळेत नोंदवायचं, तासांचा कागद भिंतीवर लावायचा, पगार मुलाच्या खात्यात टाकायचा. शिक्षण हक्क कायदा चौदाला थांबतो. त्यापुढे अठरापर्यंत शाळा, आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी यांपैकी काही मुलाच्या हाताशी नसेल, तर त्याला धाबाच दिसणार.

भट्टीवरच्या मुलांना परवाना नको, परतीची वाट हवी. विटांच्या मातीसाठी भट्टीमालकाला महसूल खात्याकडे स्वामित्वधन भरावं लागतं. त्याच वेळी भट्टीवर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची, मुलांसह, यादी तहसीलदाराने मागावी आणि ती शिक्षण व कामगार खात्याला द्यावी. राज्यात स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी पत्रक या दोन्ही सोयी आहेत. पेणला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. ही वसतिगृहं दिवाळीआधी सुरू झाली, तरच मुलं मागं राहतात. कार्तिकात सुरू झालेलं वसतिगृह रिकाम्या वाडीत उघडतं.

मुळावर घाव घालायचा तर तो उचलीवर. आदिवासींनी पावसाळ्यात सावकाराकडे जाऊ नये म्हणून राज्याने खावटी कर्ज योजना आणली होती. 2020 मध्ये ती अनुदान म्हणून एका वर्षापुरती पुन्हा सुरू झाली, कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात. अशी मदत दरवर्षी, श्रावण लागण्याआधी, आणि जोडीला पावसाळ्यातलं रोजगार हमीचं काम मिळालं, तर मुकादमाचा शब्द पडायला लागेल.

मुलगा कामावर दिसला तर 1098 या क्रमांकावर कुणीही कळवू शकतं, आणि कळवलंच पाहिजे. पण तो फोन शेवटचा उपाय आहे. नागोठण्याच्या पट्ट्यात हे काम भाद्रपदात सुरू व्हायला हवं: ग्रामसभेत कोण कुठे जाणार याची नोंद, मुख्याध्यापकाच्या हाती गैरहजेरीची यादी, आशाताईंकडे जन्मनोंदी, तहसीलदाराकडे भट्ट्यांची कुटुंबं. यातल्या एकाही कामासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती चार कार्यालयांनी दिवाळीआधी एकत्र बसून केलेली एक यादी. ती झाली का, हे नागोठणे परिसरातल्या प्रत्येक गावाने आपापल्या सरपंचाला, मुख्याध्यापकाला आणि तहसीलदाराला दरवर्षी विचारलं पाहिजे.